मनःस्वास्थ्याची संस्था आणि तिचे कारभारी

नाशिक शहर मागें टाकून मुंबईच्या वाटेस लागलें म्हणजे हमरस्त्यानजीक अंबडची औद्योगिक वसाहत लागते. एके काळीं अंबड हें शेतीवर जगणारें खेडें होतें. आज त्याच्या शिवारांत कारखान्यांचीं छपरें उभीं आहेत, आणि शेजारींच सिडकोनें वसविलेलें नवें नाशिक घरांनीं दाटून गेलें आहे. धुळें-जळगांवकडचा अहिराणी बोलणारा तरुण, मराठवाड्यांतून आलेलें जोडपें, उत्तर प्रदेश वा बिहारांतून आलेला कंत्राटी कामगार, हीं सारीं माणसें येथें एकमेकांच्या शेजाराला राहातात. पोटासाठीं गांव सोडलेल्या माणसाजवळ दोन गोष्टी नसतात. त्याला लहानपणापासून ओळखणारा शेजारी नसतो, आणि त्याचें बिनसलें तर चार दिवस त्याला सांभाळून घेणारें मोठें घर नसतें. अशा माणसाचें मन आजारी पडलें म्हणजे तें प्रथम कोणाच्या ध्यानांत येतें? बहुधा मुकादमाच्या; आणि तेंही कामावर खाडे पडूं लागले म्हणून.

मग जें व्हावयाचें तें होतें. कोणी त्याला देवऋषाकडे नेतो, कोणी गांवीं पोंचवून येतो, कोणी हा सारा दारूचा परिणाम असें म्हणून हात झटकतो. महाराष्ट्र सरकारचीं जुनीं प्रादेशिक मनोरुग्णालयें चार: ठाणें, पुणें, नागपूर आणि रत्नागिरी. त्यांत नाशिकचें नांव नाहीं. नाशकांत जिल्हा रुग्णालय आहे, खासगी मानसोपचारतज्ज्ञही आहेत. परंतु औषध लिहून देणें हा ह्या कामाचा एक भाग झाला. तें औषध पुढच्या महिन्यांत चालू राहिलें कीं नाहीं, घरच्या माणसांना आजाराचें स्वरूप कोणी समजावून सांगितलें कीं नाहीं, बऱ्या झालेल्या माणसाला कारखान्यानें पुन्हां कामावर घेतलें कीं नाहीं, हें सारें रुग्णालयाच्या फाटकाबाहेर घडतें. बंगळूरच्या निमहान्स संस्थेनें 2015-16 सालीं बारा राज्यांत जी पाहणी केली तींत दर शंभर प्रौढांमागें सुमारें 10.6 जणांस त्या वेळीं कोणता ना कोणता मनोविकार असल्याचें आढळलें, आणि त्यांतील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोंचलेला नव्हता. ही उणीव भरून काढावयाची तर ती वस्तीच्या मधोमध राहून काम करणाऱ्या लहान संस्थांनींच भरून काढावी लागेल, हें आतां बहुतेक जाणत्यांस मान्य आहे.

अशी संस्था काढावयाची म्हटलें म्हणजे डॉक्टर कोण, जागा कोठें आणि पैसा कोणाचा, ह्या तीन प्रश्नांवर रात्रींच्या रात्रीं चर्चा होते. कारभारी मंडळांत कोण बसणार, हा चौथा प्रश्न मात्र सर्वांत शेवटीं, चहाच्या पेल्याबरोबर, पांच मिनिटांत निकालांत निघतो. प्रस्तुत भाषण त्या पांच मिनिटांविषयीं आहे.

1860 सालच्या संस्था-नोंदणी कायद्याप्रमाणें संस्था नोंदवावयास निदान सात माणसें लागतात. कित्येक संस्थांचीं मंडळें ह्या सात आंकड्याच्या निकडींतूनच जन्मास येतात. संस्थापक, त्याची पत्नी, त्याचा एक वर्गमित्र, त्या मित्राचा मेहुणा, एक वकील, एक सेवानिवृत्त अधिकारी आणि देणगीची आशा ज्यांच्याकडून आहे असे एक शेठजी: झाले सात. सातहि जण सज्जन असतात, ह्याबद्दल शंका नाहीं. त्यांतील पांच जण वर्षांतून एकदां येतात, चिटणीसानें पुढें केलेल्या वहींत सही करतात, हार-नारळ स्वीकारतात आणि छायाचित्रास उभे राहातात. संस्था चांगली चालली तर ही पद्धति कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीं. वाचनालयाचें किंवा व्यायामशाळेचें एक वेळ ह्यावर भागेल. वाचनालय दोन महिने बंद पडलें तर वाचकांची गैरसोय होते. पण जेथून वीस-पंचवीस कुटुंबें दरमहा औषध नेतात, तें दार दोन महिने बंद राहिलें तर त्यांतील कांहीं घरांत पुन्हां रात्रीच्या जाग्रणास, संशयास आणि मारहाणीस सुरुवात होते. मंडळाच्या आळसाची किंमत येथें मंडळाबाहेरचीं माणसें भरतात.

कायद्याची अपेक्षा अर्थातच नुसत्या सहीची नाहीं. मुंबईचा म्हणून 1950 सालीं झालेला आणि आतां महाराष्ट्राच्या नांवानें ओळखला जाणारा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा कायदा असें सांगतो कीं, साधारण शहाणा माणूस स्वतःचा व्यवहार जितक्या काळजीनें करील तितक्याच काळजीनें विश्वस्तानें संस्थेचा कारभार पाहावा. वाक्य साधें आहे, परंतु मनोरुग्णांच्या संस्थेस लावून पाहिलें म्हणजे त्यांत एक अडचण दिसूं लागते. स्वतःचा व्यवहार म्हणजे काय हें माणसाला ठाऊक असतें. कारण नफा-नुकसान त्याच्याच घरांत येतें. परंतु ज्याला कधीं रात्रभर भिंतीशीं बोलणाऱ्या मुलाशेजारीं बसावें लागलें नाहीं, त्याला ह्या संस्थेंतलें नुकसान कोणतें आणि नफा कोणता, हें कसें कळावें? तो ताळेबंद वाचील, आणि शिल्लक वाढली म्हणजे समाधान मानील. ज्यांच्यासाठीं संस्था आहे त्यांपैकीं कोणी मंडळांत असल्यावांचून ह्या कायद्यांतली काळजी पुरी होणें कठीण आहे.

हा विचार नवा नाहीं, आणि तो प्रथम कोणा तज्ज्ञाला सुचला असेंही नाहीं. अमेरिकेंत क्लिफर्ड बीअर्स नांवाचा एक तरुण होता. येल विद्यापीठांतून तो 1897 सालीं पदवीधर झाला. पुढें थोड्याच दिवसांत त्याच्या मनानें असा फेर घेतला कीं, 1900 सालीं त्यानें आत्मघाताचा प्रयत्न केला, आणि पुढचीं तीन वर्षें त्यास कनेक्टिकट प्रांतांतील एकामागून एक अशा तीन वेड्यांच्या इस्पितळांत काढावीं लागलीं. त्यांत एक खासगी होतें, एक धर्मादाय होतें, एक सरकारी होतें. परंतु हातपाय जखडून ठेवणें, मारझोड आणि थंडींत उघडें टाकणें ह्या बाबतींत तिहींमध्यें फारसें अंतर नव्हतें. बीअर्स बरा होऊन बाहेर पडला तो हें सारें लिहून काढावयाचें असा निश्चय करूनच. त्याचें पुस्तक 1908 सालीं प्रसिद्ध झालें. विख्यात मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स ह्यांनीं त्याचा पुरस्कार केला. असें पुस्तक लिहून बहुतेक जण थांबले असते. बीअर्सनें त्याच वर्षीं न्यू हेवन येथें कांहीं प्रतिष्ठित नागरिक, डॉक्टर व धर्मोपदेशक ह्यांना एकत्र करून मानसिक आरोग्याची एक प्रांतिक संस्था काढली, आणि 1909 सालीं राष्ट्रीय समितीची स्थापना केली. तो स्वतः तिचा चिटणीस झाला. म्हणजे काल-परवांपर्यंत जो खोलींत कोंडलेला होता, तो आज इस्पितळांच्या मुख्य वैद्यांना सभेची सूचना धाडूं लागला.

ही गोष्ट सर्वांना गोड वाटली असें मात्र नाहीं. अडॉल्फ मेयर हे त्या काळचे अमेरिकेंतील अग्रगण्य मानसवैद्य. बीअर्सच्या चळवळीस ‘मानसिक आरोग्य’ हें नांव त्यांनींच सुचविलें. परंतु चळवळ कोणीं चालवावयाची, वैद्यांनीं कीं बऱ्या झालेल्या रुग्णानें, ह्यावरून दोघांचें पटेना, आणि मेयर लवकरच बाजूस झाले. मेयर ह्यांचें म्हणणें अगदींच गैरवाजवी होतें असें नाहीं. बीअर्स उतावळा होता, मोठमोठ्या योजना आंखी, पैशाची सोय होण्याआधींच खर्चाचे बेत करी. वैद्यांची सावकाशी आणि रुग्णाची घाई ह्यांचा तो झगडा होता. आणि ज्या संस्थेंत असा झगडा कधींच होत नाहीं, तेथें दोहोंपैकीं एक पक्ष गैरहजर आहे असें खुशाल समजावें. बीअर्सनें तीस वर्षें चिटणीसपद सांभाळलें. 1939 सालीं आजार पुन्हां उलटला, तेव्हां तो प्रॉव्हिडन्स येथील मनोरुग्णालयांत दाखल झाला, आणि तेथेंच 1943 सालीं वारला.

पुढें त्याच देशांत 1963 सालीं राष्ट्राध्यक्ष केनेडी ह्यांच्या सहीनें वस्तीवस्तींत मनःस्वास्थ्यकेंद्रें काढण्याचा कायदा झाला, आणि 1975 सालीं त्यास अशी जोड देण्यांत आली कीं, केंद्राचें नियामक मंडळ त्याच भागांतील रहिवाशांचें असावें व त्यांतील निदान निम्मे सभासद वैद्यकव्यवसायाच्या बाहेरचे असावेत.

भारतांत कायदा होण्याची वाट न पाहातां एका माणसानें रुग्णाच्या घरच्यांस आंत घेतलें होतें. अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर ह्यांनीं 1950 नंतरच्या दशकांत रुग्णालयाच्या आवारांत तंबू ठोकले आणि रुग्णांच्या आई-बापांना, भावंडांना तेथें राहावयास बोलाविलें. उपचार काय चालला आहे हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें, डॉक्टरांशीं ते रोज बोलले, आणि रुग्ण घरीं जातांना शहाणीं झालेलीं माणसें त्याच्याबरोबर गेलीं. त्या तंबूंतल्या आप्तांना मताचा अधिकार नव्हता. परंतु रुग्णालयाच्या कामांत त्यांची गरज आहे ही कबुली तेथें मिळाली होती. मताच्या अधिकाराकडे जाणारी वाट तेथूनच निघते.

महाराष्ट्राकडे वळतांच पुण्याच्या दोन संस्था डोळ्यांपुढें उभ्या राहातात. पहिली मुक्तांगण. 1986 सालच्या ऑगस्टांत पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे ह्यांच्या देणगीच्या आधारानें, डॉ. अनिता अवचट आणि त्यांचे पती, लेखक अनिल अवचट ह्यांनीं येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत हें व्यसनमुक्ति-केंद्र सुरू केलें. मित्रमंडळी ज्यांना सुनंदा म्हणून ओळखत त्या डॉ. अवचट 1997 सालीं कर्करोगानें गेल्या. ज्या संस्थेचा प्राण एका व्यक्तींत असतो ती त्या व्यक्तीबरोबर विझते, असा नेहमींचा अनुभव आहे. मुक्तांगण विझलें नाहीं. कन्या मुक्ता पुणतांबेकर ह्यांनीं धुरा घेतली, इतकेंच त्याचें कारण सांगण्याची पद्धत आहे. पण तें अर्धेंच कारण झालें. संस्थापिकेच्या हयातींतच तेथें व्यसनांतून सुटलेलीं माणसें कार्यकर्ते आणि समुपदेशक म्हणून उभीं राहिलीं होतीं. उद्यां दाखल होणाऱ्या माणसाला काय सांगावयाचें, हें ज्यांना स्वतःच्या गेलेल्या वर्षांवरून ठाऊक होतें, असे लोक घरांत असल्यावर घराचा कर्ता गेला तरी चूल पेटती राहिली. अंबडसारख्या कामगारवस्तीला, जेथें पगाराचा दिवस आणि गुत्त्याची गर्दी ह्यांचें नातें सर्वांना ठाऊक आहे, हा धडा विशेष घेण्यासारखा आहे.

दुसरी संस्था स्किझोफ्रेनिया ह्या दुर्धर आजाराविषयीं जागृति करणारी. तिचे संस्थापक डॉ. जगन्नाथ वाणी हे मूळचे खानदेशांतील, धुळ्याचे. व्यवसायानें संख्याशास्त्राचे प्राध्यापक, आणि वास्तव्य कॅनडांतील कॅलगरी येथें. त्यांच्या पत्नीस हा आजार झाला, आणि परमुलखांत मुलींना सांभाळीत त्यांनीं तो कित्येक वर्षें घरांत झेलला. कॅनडांत रुग्णांच्या आप्तांच्या संस्था कशा चालतात हें पाहून विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत त्यांनीं पुण्यास स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर ह्यांचा 2004 सालचा ‘देवराई’ हा चित्रपट ह्याच प्रयत्नांतून निघाला, आणि ह्या आजाराचें नांव अनेक मराठी घरांत प्रथम त्या चित्रपटानें नेलें. येथें ध्यानांत घेण्याची गोष्ट अशी कीं, वाणी डॉक्टर होते ते संख्याशास्त्राचे, वैद्यकाचे नव्हेत. संस्थेचा प्रवर्तक रुग्णाचा आप्त आणि वैद्य हा त्याचा साहाय्यक, अशी येथें मांडणी झाली. वाणी 2017 सालीं वारले; संस्थेचें काम पुढें रुग्णांच्या आप्तांनींच वाहिलें. ठाण्यास 1990 सालीं डॉ. आनंद नाडकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं काढलेली मानसिक आरोग्याची संस्था वैद्यांच्या पुढाकाराची असली, तरी तींतही सामान्य स्त्री-पुरुषांना शिकवून कार्यकर्ते करण्यावर भर राहिला.

विशेष म्हणजे ह्या बाबतींत कायदा आतां कित्येक संस्थांच्या पुढें गेला आहे. 2017 सालीं संसदेनें संमत केलेल्या आणि 2018 पासून अंमलांत असलेल्या मानसिक आरोग्यसेवेच्या कायद्यानें जिल्ह्यासाठीं किंवा कांहीं जिल्ह्यांमिळून एक पुनर्विलोकन मंडळ नेमावें असें सांगितलें आहे. त्याची घडण पाहाण्यासारखी आहे. अध्यक्षपदीं जिल्हा न्यायाधीशाच्या योग्यतेचा मनुष्य. एक जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधि. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक अन्य वैद्य. आणि उरलेल्या दोन जागा मनोविकार भोगलेल्या माणसांसाठीं, त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठीं, किंवा अशांच्या संस्थांच्या प्रतिनिधींसाठीं. सहांपैकीं दोन. एखाद्या माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध रुग्णालयांत ठेवावें कीं नाहीं, इतक्या गंभीर प्रश्नांत जर सरकारास ह्या दोघांचें मत हवें आहे, तर सिडकोंतल्या एखाद्या गाळ्यांत चालणाऱ्या केंद्राच्या मंडळास तें कां नको असावें?

ह्यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा, कीं मंडळावर घेतलेल्या रुग्णाचा आजार उलटला तर काय करावयाचें? ह्याचें उत्तर अगदीं घरगुती आहे. हृदयविकाराचा झटका आलेला खजिनदार दोन महिने रजा घेतो आणि बरा होऊन पुन्हां खुर्चीवर बसतो. कोणी त्याचें नांव खोडून टाकीत नाहीं. तोच नियम ह्याही आजारास घटनेंत आधींच लिहून ठेवावा: रजा किती, तोंवर काम कोण पाहील, आणि परत आल्यावर जागा त्याचीच. ती गोष्ट आजार उलटण्यापूर्वीं ठरली तर अपमान होत नाहीं. नंतर ठरविली तर झाल्याशिवाय राहात नाहीं. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. रुग्ण आणि त्याचे आप्त ह्यांना सर्रास एकाच पारड्यांत घातलें जातें, पण त्यांचें हित नेहमीं एक असतेंच असें नाहीं. थकलेल्या आईला वाटतें, मुलगा आणखी सहा महिने संस्थेंतच राहावा. मुलाला उद्यांच घरीं जावयाचें असतें. भावाला वाटतें, औषधाची गोष्ट लग्नाच्या बोलणींत निघूं नये. बहिणीला फसवणूक नको असते. 2017 च्या कायद्यानें हें ओळखलें आहे. प्रौढ माणसास आपला प्रतिनिधि स्वतः नेमण्याची मुभा त्यानें दिली आहे, आणि तो रक्ताच्या नात्यांतलाच असला पाहिजे अशी अट घातलेली नाहीं. म्हणून मंडळांत एक जागा आप्ताची आणि एक जागा आजार भोगलेल्याची, अशा दोन्ही हव्यात. एकट्या माणसाची जागा शोभेची होते. एक बोलला तर त्याचें दुःख म्हणून ऐकून घेतात. दोघे बोलले तर तो मुद्दा म्हणून लिहून घ्यावा लागतो.

आतां अंबडचा जो खास प्रश्न, तो पैशाचा आहे. 2013 च्या कंपनी कायद्यानें ठराविक मर्यादेच्या वरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे शेंकडा दोन सार्वजनिक कार्यास खर्च करण्याचें बंधन घातलें आहे. कारखान्यांच्या वसाहतींत काम करणारी संस्था ह्या पैशाकडे पाहाणार हें उघड आहे. आणि देणगी आली म्हणजे देणगीदाराच्या अधिकाऱ्यास मंडळांत जागा देण्याचा शिष्टाचारही पाळला जाणार. त्या अधिकाऱ्याच्या हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या कारखान्याचा अधिकारी मंडळावर बसला आहे, त्याच कारखान्यांतील कामगार संध्याकाळीं केंद्राच्या पायऱ्या चढावयाचा आहे. त्याला एवढाच संशय आला कीं आपलें नांव साहेबांच्या कानीं जाईल, तर तो पायरीवरूनच परत फिरेल, आणि संस्थेच्या पुस्तकांत त्याच्या परत फिरण्याची नोंदही होणार नाहीं. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क कायद्यानें दिलेला आहे. पण वस्तींतला माणूस कायद्याचें कलम पाहात नाहीं; खुर्चीवर कोण बसलें आहे तें पाहातो. मंडळापुढें आंकडे यावेत, नांवें कधींही येऊं नयेत, अध्यक्षापुढेंही येऊं नयेत. आणि देणगीदाराचा प्रतिनिधि सल्लागार म्हणून असावा, रुग्णसेवेच्या प्रश्नांवर त्यास मत नसावें. देणगी ह्या अटीवर नाकारली गेली तर ती गेलेली बरी. हें म्हणणें कठोर वाटेल. परंतु पैसा दुसरीकडून येऊं शकतो, गेलेला विश्वास त्या गल्लींत पुन्हां येत नाहीं.

उलट, त्याच अधिकाऱ्याला मंडळानें एक काम अवश्य सांगावें. कामगार राज्य विमा योजनेखालीं ज्या दीर्घ आजारांसाठीं वाढीव काळ आजारभत्ता मिळतो त्यांत कांहीं गंभीर मनोविकारांचाही समावेश आहे. दोन वर्षांपर्यंत, वेतनाच्या शेंकडा ऐंशी दरानें तो मिळूं शकतो. विम्याचें रुग्णालय अंबडच्या शेजारीं सातपुरास आहे. तरीही कामगार खाड्यांच्या भीतीनें आजार दडवितो आणि शेवटीं नोकरी सोडून गांवीं जातो. ही माहिती प्रत्येक कारखान्याच्या फलकावर, मराठींत आणि हिंदींत लावणें, हें देणगीइतकेंच मोठें साहाय्य होईल, आणि त्यांत कोणाचें नांव विचारावें लागत नाहीं.

अध्यक्षाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. अध्यक्ष नामवंत असावा ही हौस समजण्यासारखी आहे. परंतु नामवंत माणसाला वेळ नसतो, आणि ह्या संस्थेस नांवापेक्षां वेळेची गरज अधिक. इमारतीसाठीं देणगी मिळते, कोनशिलेवर नांव कोरतां येतें. समुपदेशकाच्या पगारासाठीं कोणी देणगी देत नाहीं, कारण पगारावर नांव कोरतां येत नाहीं. म्हणून निदान सहा महिन्यांचे पगार आणि औषधें भागतील इतकी शिल्लक वेगळी राखणें, आणि तिला समारंभासाठीं हात लावूं न देणें, हें अध्यक्षाचें पहिलें काम. दुसरें काम अधिक नाजूक आहे. संस्थापक डॉक्टर स्वतःच अध्यक्ष असला म्हणजे उपचार करणारा आणि उपचारावर देखरेख ठेवणारा एकच होतो. एखाद्या रुग्णाची तक्रार डॉक्टराविरुद्ध असली तर ती कोणाकडे न्यावी? डॉक्टर मंडळांत जरूर असावा, त्याच्या शब्दास वजनही असावें. अध्यक्षाची खुर्ची मात्र दुसऱ्याची असावी. ज्या संस्थापकांना हें रुचत नाहीं त्यांनीं आपल्यामागें दहा वर्षांनीं संस्थेचें काय व्हावें ह्याचा क्षणभर विचार करावा. विश्वस्त बदलला कीं नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयास तसा अहवाल द्यावा लागतो. कित्येक संस्थांत दिवंगत विश्वस्तांचीं नांवें वर्षानुवर्षें तशींच राहातात, मग दोन गट पडतात, प्रत्येक गट आपलाच अहवाल खरा म्हणतो, बँक सह्या स्वीकारीत नाहीं, आणि पगार थांबतात. ह्यांत कोणाचा दुष्टपणा नसतो. एक साधा कागद वेळेवर गेलेला नसतो.

राहिली बैठकीची वेळ. ही बाब इतकी क्षुल्लक वाटते कीं तिचा विचार कोणी करीत नाहीं. आणि तिच्याचवर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. मंडळाची बैठक मंगळवारीं दुपारीं तीन वाजतां, शहराच्या मध्यवस्तींतील एखाद्या कार्यालयांत ठेवली, आणि कागदपत्र इंग्रजींत वांटले, तर आप्तांच्या जागेवर नेमलेली कामगाराची पत्नी पहिल्या बैठकीस येईल, दुसरीस कदाचित् येईल, तिसरीस येणार नाहीं. मग इतिवृत्तांत तिच्या नांवापुढें ‘अनुपस्थित’ असें लिहिलें जाईल, आणि वर्षअखेर कोणी तरी म्हणेल कीं, जागा दिली होती पण ह्या लोकांनाच उत्साह नाहीं. तीच बैठक अंबडमध्यें, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशीं, केंद्राच्याच खोलींत घ्यावी. कागद मराठींत असावेत, आणि ते आठ दिवस आधीं हातीं पडावेत. जाण्यायेण्याचें भाडें आणि बुडालेली रोजी संस्थेनें द्यावी. बैठकीचा पहिला विषय हिशेब हा नसावा. गेल्या महिन्यांत किती जणांनीं औषध मध्येंच सोडलें, आणि त्यांच्या दारापर्यंत कोण जाऊन आलें, हा असावा.